संसारोपयोगी विज्ञान : पंचवीस अक्षरांची किल्ली

घरांतील संगणक कांहीं वर्षांनीं मंदावतो. कधीं त्याची हार्ड डिस्क निकामी होते, कधीं एखादा विषाणु आंत शिरतो. आणि मग विंडोज नव्यानें टाकण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. अशा वेळीं पडद्यावर प्रश्न उमटतो : 'प्रॉडक्ट की' काय? मग घरभर शोधाशोध सुरू होते. खोका माळ्यावर होता, तो दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्याकडे गेलेला असतो. पावती कोणाच्या कागदांत आहे हें कोणासच सांगतां येत नाहीं. लॅपटॉपच्या पाठीवरील चिठ्ठी हातांच्या घर्षणानें पुसून पांढरी झालेली असते. शेवटीं दुरुस्तीवाला सुचवितो, "नवी विकत घ्या, नाहींतर मी माझ्याजवळची एक टाकून देतों." या दोन सल्ल्यांपैकीं पहिला बहुधा अनावश्यक असतो आणि दुसरा बहुधा अयोग्य असतो. तो कां, याचा विचार या महिन्याच्या सदरांत करावयाचा आहे.

प्रथम ही किल्ली म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. कारण बहुतेक घोटाळा येथूनच सुरू होतो. 'विंडोज विकत घेतली' असें आपण म्हणतों, पण वस्तुतः आपण घेतों तो ती वापरण्याचा परवाना. आज्ञावलीची नक्कल हवी तितकी करतां येते. मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच ती आपल्या संकेतस्थळावरून कोणासही विनामूल्य उतरवून घेऊं देते. मोल आहे तें परवान्यास, आणि किल्ली ही त्या परवान्याची खूण होय. नाटकगृहाचें दार सर्वांस दिसतें, तिकीट मात्र ज्याचें त्यास काढावें लागतें; त्यांतलाच हा प्रकार.

ही खूण तपासण्याची रीत आरंभीं फार भोळी होती. १९९५ सालीं विंडोज ९५ निघाली, तेव्हां दुकानांत मिळणाऱ्या तबकडीसोबत १० अंकांचा एक क्रमांक येत असे. संगणक मुख्यतः त्यांतील शेवटच्या ७ अंकांची बेरीज करी, तिला सातानें निःशेष भाग जातो कीं नाहीं एवढें पाही, आणि समाधान पावे. एकच क्रमांक दहा घरीं वापरला तरी कंपनीस त्याचा पत्ता लागण्याचें साधन नव्हतें. २००१ सालीं विंडोज एक्सपी आली आणि तिजबरोबर 'ॲक्टिव्हेशन' हा शब्द घरोघरीं पोंचला. एक्सपी टाकल्यापासून ३० दिवसांच्या आंत कंपनीकडे नोंद करणें भाग पडूं लागलें, आणि ही नोंद करतांना त्या यंत्राच्या भागांवरून काढलेली एक ओळख किल्लीशीं जोडली जाऊं लागली. तेव्हांपासून किल्ली ही नुसती अक्षरांची माळ राहिली नाहीं. तिची एका विशिष्ट यंत्राशीं गांठ पडली. त्या वेळीं लोकांस ही गांठ जाचक वाटली. परंतु आज किल्ली हरवलेल्या गृहस्थास तारते ती बहुतकरून हीच गांठ.

किल्लीचीं पंचवीस अक्षरें पांच-पांचांच्या पांच गटांत लिहिलेलीं असतात. त्यांत इंग्रजी वर्णमालेंतील सर्वच अक्षरें येत नाहींत, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. ए, ई, आय, ओ, यू हे पांचही स्वर वर्ज्य आहेत. व्यंजनांपैकीं एल, एस आणि झेड, व अंकांपैकीं शून्य, एक आणि पांच हींही वगळलेलीं आहेत. पुसट चिठ्ठी वाचणारास या माहितीचा मोठा उपयोग होतो. झेड आहे कीं दोन आहे असा संशय आला तर निःशंकपणें दोन लिहावा. शून्य किंवा ओ दिसलें तर तो डी किंवा क्यू असला पाहिजे असें समजावें. बी आणि आठ, जी आणि सहा हे संशय मात्र उरतात. पण एका जागीं संशय असेल तर पर्याय दोन, दोन जागीं असेल तर चार, तीन जागीं असेल तर आठ, एवढाच हा हिशेब असल्यामुळें कागद-पेन्सिल घेऊन क्रमानें करून पाहण्याजोगें हें काम आहे. चिठ्ठी अगदींच पुसट असेल तर तिजवर बाजूनें तिरपा उजेड पाडावा आणि फोननें छायाचित्र घेऊन तें मोठें करून पाहावें. नुसत्या डोळ्यांस न दिसणारीं अक्षरें कित्येकदां अशा रीतीनें वाचतां येतात.

आतां मुख्य प्रश्न : किल्ली असते कोठें? याचें उत्तर यंत्र कोणत्या काळांतलें आहे यावर अवलंबून आहे. विंडोज ७ पर्यंतच्या काळांत, म्हणजे साधारणतः २०१२ पूर्वीं घेतलेल्या तयार संगणकांवर, किल्ली छापलेली चिठ्ठी चिकटविलेली असे. टेबलावरील संगणकाच्या पेटीवर, लॅपटॉपच्या पोटाखालीं, किंवा बॅटरी काढल्यावर दिसणाऱ्या पोकळींत ती सांपडते. २०१२ सालीं विंडोज ८ आली, तेव्हां नामांकित कंपन्यांच्या तयार यंत्रांत ही चिठ्ठीची चाल मोडली. किल्ली यंत्राच्या मदरबोर्डावरील कायम स्मृतींत कारखान्यांतच लिहून ठेवण्यांत येऊं लागली. हार्ड डिस्क जळाली, काढून फेंकली, नवी बसविली, तरी ही किल्ली जागच्या जागीं राहते; विंडोज टाकतांना ती आपोआप वाचली जाते आणि कोणीं कांहीं विचारीतही नाहीं. २०१५ सालीं विंडोज १० आली आणि तिसरी रीत सुरू झाली. तिला डिजिटल लायसेन्स म्हणतात. यांत परवान्याची नोंद कंपनीच्या दप्तरीं यंत्राच्या ओळखीसह असते. तें यंत्र पुनः इंटरनेटला जोडलें कीं कंपनी त्यास ओळखते आणि परवाना मान्य करते.

यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, गेल्या दहा-बारा वर्षांत घेतलेल्या तयार लॅपटॉपाची किल्ली 'हरवली' असें म्हणणें बहुतेक वेळां खरें नसतें. ती आपल्या हातीं कधीं दिलेलीच नव्हती, म्हणून ती आपल्या हातून हरवणार तरी कशी? अशा यंत्रासाठीं नवी विंडोज विकत घेणें म्हणजे स्वतःच्या घराची घरपट्टी दोनदां भरण्यासारखें आहे.

प्रत्यक्ष काम करतांना पुढील क्रम पाळावा.

(१) यंत्र अजून चालत असेल तर कांहींही पुसण्यापूर्वीं परवान्याची स्थिति पाहावी. विंडोज ११ मध्यें सेटिंग्ज, त्यांत सिस्टिम आणि त्यांत ॲक्टिव्हेशन अशा वाटेनें जावें. विंडोज १० मध्यें सिस्टिमऐवजीं 'अपडेट अँड सिक्युरिटी' या भागांत तें सांपडतें. तेथें डिजिटल लायसेन्सचा उल्लेख असला तर किल्लीची चिंता सोडावी. तें लायसेन्स मायक्रोसॉफ्ट खात्यास जोडलेलें आहे असें लिहिलें असेल तर अधिकच उत्तम. जोडलेलें नसेल तर त्याच वेळीं जोडून घ्यावें.

(२) त्याच ठिकाणीं विंडोजचा कोणता प्रकार आहे तो लिहून घ्यावा : होम, प्रो कीं होम सिंगल लँग्वेज. आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांत हा तिसरा प्रकार असतो. परवाना एका प्रकारचा आणि टाकली दुसऱ्या प्रकारची, असें झालें कीं नोंद होत नाहीं आणि किल्लीच खोटी होती असा भलताच समज होतो. 'सिंगल लँग्वेज' याचा अर्थ मराठींत लिहितां येत नाहीं असा नव्हे. पडद्यावरील सूचनांची भाषा एकच राहते इतकेंच. मराठी टंकलेखन त्यांत यथास्थित करतां येतें.

(३) घरांतील कागदपत्रें व छायाचित्रें यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. प्रत काढली एवढ्यानें भागत नाहीं. ती उघडते हें डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे.

(४) केवळ मंदपणा हीच तक्रार असेल तर सेटिंग्जमधील 'रीसेट' हा उपाय आधीं करावा. त्यास किल्ली लागत नाहीं. त्यांत आपल्या फायली ठेवून फक्त विंडोज नवी करण्याची सोय आहे. बाहेरून टाकलेल्या आज्ञावल्या मात्र निघून जातात, त्या मागून पुनः घालाव्या लागतात.

(५) तेवढ्यानें न भागल्यास कंपनीच्या संकेतस्थळावरील साधनानें निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्या पेनड्राइव्हवर पूर्वीं असलेलें सर्व पुसलें जातें हें ध्यानांत असूं द्यावें. पुढें टाकतांना किल्ली मागितली गेलीच, तर खालीं 'माझ्याजवळ किल्ली नाहीं' अशा अर्थाचा पर्याय असतो तो निवडावा, पूर्वींचाच प्रकार निवडावा आणि काम पुरें होऊं द्यावें. इंटरनेट जोडतांच बहुधा परवाना आपण होऊन मान्य होतो.

(६) न झाल्यास घाबरून जाऊं नये. नोंद नसलेली विंडोज बंद पडत नाहीं. पडद्याच्या कोपऱ्यांत एक सूचना दिसत राहते आणि रंग, पार्श्वचित्र वगैरे बदलतां येत नाहीं. परंतु आपलीं कागदपत्रें उघडतात, पत्रव्यवहार चालतो. तेव्हां शांतपणें पुढील चौकशी करण्यास अवकाश असतो. दुरुस्तीवाल्याच्या घाईस बळी पडण्याचें कारण नाहीं.

खरी अडचण येते ती मदरबोर्ड बदलला असतां. कंपनीच्या दृष्टीनें तें नवें यंत्र होय. येथें परवान्याची जात पाहावी लागते. यंत्रासोबत आलेला परवाना त्या यंत्राचाच सोबती. तो दुसऱ्या यंत्रावर नेतां येत नाहीं. दुकानांतून स्वतंत्रपणें विकत घेतलेला परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेण्यास मुभा असते. अशा वेळीं लायसेन्स पूर्वींच खात्यास जोडलेलें असेल तर त्या खात्यानें आंत शिरून, ॲक्टिव्हेशनच्या पानावरील दुरुस्ती-साधनांत 'मी नुकताच यंत्राचा भाग बदलला' असा पर्याय निवडतां येतो. परवाना कंपनीच्याच संकेतस्थळावरील दुकानांतून घेतला असेल तर तेथील आपल्या खरेदीच्या नोंदींत किल्ली सांपडते. बाजारांतील दुकानांतून खोका आणला असेल तर त्या खोक्यांतील किल्लीची नोंद कंपनीजवळ नसते. तो खोका आणि पावती हाच काय तो पुरावा. माळा आवरतांना ही गोष्ट आठवावी.

किल्ली वाचून दाखविणाऱ्या कांहीं आज्ञावल्या मिळतात. त्यांवर फार भिस्त ठेवूं नये. डिजिटल लायसेन्स असलेल्या यंत्रावर त्या जी किल्ली दाखवितात ती त्या प्रकारच्या असंख्य यंत्रांवर एकच असते. ती वहींत उतरवून ठेवून कोणतेंही कुलूप उघडत नाहीं.

आतां दुरुस्तीवाल्याच्या दुसऱ्या सल्ल्याकडे वळूं. "माझ्याजवळची एक टाकून देतों" याचा अर्थ बहुधा असा, कीं एखाद्या मोठ्या कचेरीस अनेक यंत्रांकरितां दिलेली किल्ली बाहेर आली आहे, किंवा नोंदीची तपासणीच फसविणारी एखादी आज्ञावली तो वापरणार आहे. पहिल्या प्रकारांत ती किल्ली कंपनी केव्हांही रद्द करूं शकते. दुसरा प्रकार तर अधिकच घातक. कारण अशा आज्ञावल्या चालविण्यासाठीं विषाणुरोधक व्यवस्था बंद करा, अशीच पहिली सूचना असते, आणि त्यांच्या पोटांतून संकेतशब्द चोरणारे विषाणु आल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. ज्या यंत्रावरून आपण बँकेचा व्यवहार करतों त्या यंत्राचे पहारेकरी स्वतःच्या हातानें झोंपवावे, हें कोणत्या शहाणपणांत बसतें? शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३-बी या कलमान्वयें, चोरटी आज्ञावली आहे हें ठाऊक असून ती संगणकावर वापरणें हा अपराध आहे. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. घरांतील मुलें हें सारें पाहत असतात. पुस्तक चोरूं नये, तिकिटावांचून प्रवास करूं नये, असें आपण त्यांस शिकवितों. आणि त्यांच्याच डोळ्यांदेखत अभ्यासाच्या यंत्रावर चोरीची आज्ञावली टाकून घेतों. या दोहोंपैकीं कोणता धडा त्यांच्या मनावर अधिक ठसेल हें सांगावयास नको.

पैसे खर्चावयाचे नसतील तर उजळ माथ्याचाही मार्ग आहे. १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें आरंभिलेली लिनक्स ही अशी प्रणाली आहे कीं, तिला किल्लीच नसते. ती कोणीही घ्यावी, वापरावी, दुसऱ्यास द्यावी. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेनें, जिचें मुख्य कार्यालय पुण्यास आहे, तिच्याच आधारें 'बॉस' नांवाची प्रणाली तयार केली आहे. विशेषतः जुन्या यंत्रांच्या बाबतींत हा विचार अवश्य करावा. विंडोज ७ ची राखण १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० ची सर्वसाधारण राखण १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ७ व ८ च्या जुन्या किल्ल्यांवर नवी विंडोज चालवून घेण्याची जी सवलत होती, तीही २०२३ च्या सप्टेंबरांत बंद झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें. तेव्हां पुसट चिठ्ठी मोठ्या कष्टानें वाचून विंडोज ७ पुनः टाकली तरी तें घर दारें-खिडक्यांवांचूनचें होय. त्यावर पत्रें लिहावीं, हिशेब ठेवावे, पण इंटरनेटला तें जोडूं नये.

येथवर जिचा विचार केला ती किल्ली हरवली तर फार तर पैसे जातात. परंतु आजच्या संगणकांत दुसरी एक किल्ली असते, तिच्याकडे कोणाचेंच लक्ष नसतें, आणि ती हरवली तर पैशानें भरून न येणारी वस्तु जाते. ती म्हणजे बिटलॉकरची 'रिकव्हरी की'. डिस्कवरील सर्व मजकूर गूढ लिपींत रूपांतरित करून ठेवण्याची ही योजना पुष्कळ नव्या लॅपटॉपांत मालकास फारसें न कळतां सुरू झालेली असते. २०२४ सालच्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्ट खात्यानें नवी विंडोज टाकली कीं ती बहुधा आपण होऊनच सुरू होते. यंत्र चोरीस गेलें तर चोरास कांहीं वाचतां येऊं नये, हा तिचा हेतु स्तुत्य आहे. परंतु मदरबोर्ड बदलला किंवा यंत्राच्या अंतर्गत मांडणींत फेरफार झाला, कीं ती मालकासही अडविते आणि ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते; त्यामुळें पंचवीस अक्षरांच्या किल्लीहून ती सहज वेगळी ओळखतां येते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत ठेवलेली असते. तेथेंही नसली तर कंपनी ती नव्यानें देऊं शकत नाहीं, कोणीही देऊं शकत नाहीं. आणि दुसरीकडे प्रत नसेल तर त्या डिस्कवरील सर्व कांहीं कायमचें गेलें असेंच समजावें.

एकत्र कुटुंबांत या गोष्टीचें गांभीर्य विशेष आहे. घरांतील संगणक एकाचा नसतो. त्यांत आजोबांच्या हस्तलिखितांचीं छायाचित्रें असतात, सातबाऱ्याचे उतारे असतात, वंशावळ असते, लग्नामुंजींचीं चित्रें असतात, मुलांच्या गुणपत्रिका असतात. आणि हें सारें ज्या खात्याखालीं बंद आहे तें खातें असतें पुतण्याच्या नांवाचें. त्यानें कॉलेजांत असतांना तें उघडलें. पुढें तो नोकरीनिमित्त परगांवीं किंवा परदेशीं गेला. खात्यास जोडलेला फोनक्रमांक बदलला. संकेतशब्द त्याच्याही स्मरणांतून गेला. यंत्र घरीं, परवाना घरचा, पैसे मोठ्या काकांनीं दिलेले. आणि किल्ली मात्र कोणाच्याच हातीं नाहीं! माणसें परगांवीं जातात, तशींच कधीं हें जगही सोडून जातात. पूर्वीं घरच्या गृहिणीच्या कमरेस किल्ल्यांचा जुडगा असे, आणि योग्य वेळीं सासू तो सुनेच्या हातीं देई. त्या देण्यांत केवळ मान नव्हता, व्यवस्था होती : कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हें सांगून तो दिला जाई. संगणकाच्या किल्ल्यांसाठीं अशी व्यवस्था आपण अद्याप लावलेली नाहीं.

ती लावण्यास एक साधी वही पुरे. प्रत्येक यंत्रासाठीं एक पान राखावें. त्यावर यंत्राची कंपनी व क्रमांक, खरेदीची तारीख, विंडोजचा प्रकार, असल्यास पंचवीस अक्षरांची किल्ली, अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली, आणि परवाना कोणाच्या कोणत्या खात्यास जोडला आहे व त्या खात्याचा फोनक्रमांक कोणता, इतकें लिहावें. पावती तेथेंच टांचून ठेवावी. संकेतशब्द त्याच पानावर लिहूं नये. तो वेगळ्या बंद लिफाफ्यांत ठेवावा. ही वही घरच्या दस्तऐवजांच्या पेटींत असावी आणि निदान दोघांना तिची माहिती असावी. पुष्कळ लोक या किल्ल्यांची यादी त्याच संगणकांत एका फायलींत ठेवतात. पेटीची किल्ली पेटींत टाकून वर झांकण लावण्यासारखेंच तें आहे. वर्षांतून एकदां, दसऱ्यास शस्त्रपूजेच्या निमित्तानें घरांतील यंत्रें पुसून मांडलीं जातात, त्या दिवशीं ही वही काढून तिच्यांतील नोंदी ताज्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. अर्ध्या तासाचें हें काम आहे.

काढून ठेवलेल्या छायाचित्रांच्या प्रती कोठें व किती असाव्या, हा यांतूनच निघणारा प्रश्न. त्याचा विचार पुढील अंकीं करूं.